तालमीतली झोप

फाल्गुन वद्य ३, शके १८३३

आज हे जेवता जेवता झोपले. घास हातातच. मान पुढं पडली, रस्सा धोतरावर सांडला. सासूबाईंनी ताट ओढून घेतलं आणि माझ्याकडं पाहिलं. "पैलवानाला रातीचं झोपू देत न्हाय ही."

खरंच आहे, नाही देत. हे घोरतात आणि मधेच घोरणं थांबतं — श्वासही. छाती हलत नाही. मी कोपर मारते, मग बुडता माणूस वर यावा तसे धापा टाकत श्वास घेतात. जाग नसतेच. पुन्हा घोरणं, पुन्हा थांबणं. लग्न झाल्यापासून मी सलग झोपलेली नाही. आता भीतीसुद्धा वाटत नाही. कोपर आपोआप उठतं.

वद्य ४

मंगळवार पेठेत ह्यांच्या मानेचं कौतुक! घोरणं गल्लीच्या टोकाला ऐकू जातं म्हणजे खुराक अंगी लागला, म्हणे. सासूबाईंनी दूध वाढवलं.

वद्य ६

बाबालाल वस्ताद घरी आले. हे आखाड्यात बसल्या बसल्या पेंगतात, म्हणाले. जोतिबाची यात्रा झाली की मोठी कुस्ती आहे. "आजपास्नं सयाजी तालमीतच झोपंल. कुस्ती हुईस्तोवर बायकोजवळ झोपायचं न्हाय. ताकद जाती."

श्वासाचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. नवरा सोडवत नाही हिला, म्हणाले असते. लाज वाटली. ह्यांची घोंगडी मीच गुंडाळून दिली.

वद्य ७

अंथरूण मोकळं. तरी जागीच. तिथं कोपर कोण मारणार?

वद्य ८

न राहवून सासूबाईंना सांगितलं. दोघी दळत होतो. जातं थांबलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार.

"ह्याचा बापबी तसाच घोरायचा," म्हणाल्या. "मीबी कोपर हाणायचो. मलाबी वस्तादानं हेच सांगितलं हुतं. मी गप बसलो."

सासरे ऐन तिशीत गेले. तालमीत, झोपेतच. पेठ अजून म्हणते, पुण्यवान माणूस, झोपेत मरण आलं. सासूबाई पीठ तसंच टाकून उठल्या. मला रडू आलं नाही. राहिलेलं दळण मी दळलं.

वद्य ९

ह्यांचा जोडीदार दिलदार निरोप घेऊन आला. सासूबाई काल दिवेलागणीला तालमीत शिरल्या. बाईमाणूस तिथली पायरीसुद्धा चढत नाही. वस्ताद आडवे आले. त्यांना म्हणाल्या, "नवरा दिला ह्या तालमीला. पोरगा न्हाय द्यायचा."

ह्यांच्या उशाशी बसून आहेत. वस्तादांनी दार उघडं ठेवलंय, दिलदार म्हणाला. काकूंचं कोपर लई जोरात लागतंय की, म्हणाला.

आज मी झोपते.