मागच्या अंगणातला अंधार

अहो,

दूध गॅसवर होतं, बादलीत तुमचे शर्ट पिळून ठेवले होते आणि मी मागच्या अंगणात दोरीवर चादर टाकत होते. तुम्ही दारातून म्हणालात, "इकडे बघ." मी बघितलं आणि तुम्ही फोटो काढलात. केस विंचरलेले नाहीत, पदर खोचलेला, चेहऱ्यावर राग! नव्या रोलचा पहिला फोटो नेहमी माझाच, आणि नेहमी असाच.

त्याला कारण होतं म्हणा. दिल्लीत, या द्वारकेत नवीन राहायला आलो तेव्हाचा तुमचा पहिला रोल आठवतो? ताऱ्यांच्या निगेटिव्ह कोऱ्या समजून स्टुडिओवाल्याने वाटेल तिथे कापल्या. वर मलाच म्हणाला, "भाभीजी, रील तो पूरी खाली है." तुम्ही दोन दिवस धड जेवला नाहीत. मग कुणीतरी सुचवलं की पहिला फोटो दिवसाउजेडी काढावा, म्हणजे कुठे कापायचं ते त्याला कळतं. उजेडात तुम्हाला मीच सापडायची.

आज लिहायला बसले कारण सोसायटीला मागच्या भिंतीपाशी दिव्याचा खांब लावायचा आहे. दर मीटिंगला तुम्ही नाही म्हणायचात आणि सगळे हसून सोडून द्यायचे. आता सेक्रेटरी घरी येऊन म्हणाले, "भाभीजी, जैसा आप कहें." हे 'आप कहें' फार जड जातं हो!

वरच्या मजल्यावरच्या सूदबाई तर स्पष्टच बोलल्या. "बहनजी, भाईसाहब थे तो तारे थे. अब मेरी पिंकी का सोचो." पिंकी गुडगावला कॉल सेंटरमध्ये लागली आहे. कंपनीची गाडी तिला पहाटे सोडते आणि मागच्या गल्लीत आई टॉर्च घेऊन उभी असते.

सूदबाईंचा मला राग आला. बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, मानेसरच्या कारखान्यातून तुम्ही आणलेला लांब बोल्ट आणि वर तो जुना कॅमेरा. एवढ्यावर तुम्ही तेजोमेघ टिपलेत! पृथ्वी फिरते त्या गतीने बोल्ट फिरवून कॅमेऱ्याची फळी ताऱ्यांमागे सरकवायचं काम माझं, सेकंदकाट्याकडे बघत.

"अगं हळू! तारे काय पळून चाललेत?"

"चाललेत म्हणून तर फिरवतेय ना!"

ती दूरची दीर्घिका तुमच्यासाठी नुसती एम एकतीस. मी मराठी मंडळाच्या लायब्ररीतून पुस्तक आणून वाचलं, तेव्हा कळलं की हिला आपल्याकडे देवयानी म्हणतात. केवढ्या उत्साहाने सांगायला आले होते! तुम्ही म्हणालात, "बरं, बोल्टकडे बघ."

एक विचारू? बोल्ट फिरवायला शिकवलंत, मग ध्रुवावर फळी रोखायला का नाही शिकवलंत? "तू राहू दे" म्हणत प्रत्येक वेळी तुम्हीच वाकायचात.

गेल्या आठवड्यात मी एकटीने करून पाहिलं. कॅमेऱ्यात तुमचा अर्धा रोल तसाच होता. गुडघे टेकून फळीच्या कडेला डोळा लावला. दोन इमारतींच्या फटीत ध्रुव सापडला, अहो! मग मृगातल्या तेजोमेघाच्या पुसट ठिपक्याकडे कॅमेरा वळवला आणि बोल्ट फिरवू लागले. इतक्यात गल्लीत गाडीचं दार आपटलं. टॉर्चचा झोत भिंतीवरून आत आला. मी पटकन टोपीने भिंग झाकलं आणि मनात म्हटलं, ही पोरगी आत्ताच यायची होती!

भिंतीपलीकडून सूदबाई म्हणत होत्या, "जल्दी चल बेटा, इधर-उधर मत देख, चल." दोघी जवळजवळ पळतच गेल्या.

माझा हात टोपीवर तसाच राहिला. स्वतःच्या घरी परतणाऱ्या मुलीवर मी चिडले होते. तुम्ही एवढी वर्षं नाही म्हणालात, तुम्हाला कधी ऐकू आली का हो ती पावलं? की तेव्हा त्या गल्लीतून कुणी येतच नव्हतं? तुम्ही असता तर आपलं भांडण झालं असतं. झालं असतं तर बरं वाटलं असतं.

फोटोत तारे आलेत की नुसत्या रेषा, माहीत नाही. पण एक शब्द देते. फळ्या, बोल्ट, कॅमेरा माळ्यावर जाणार नाहीत. मानेसरच्या पुढे अजून शेतं आहेत, तिथे दिवे नाहीत. आपला निरंजन सुट्टीला आला की त्याला गाडी काढायला लावीन. बोल्ट तो फिरवील, ध्रुव मी धरीन. देवयानी नीट येईपर्यंत काढत राहीन.

इथवर लिहून काल पत्र मिटून ठेवलं. आज सकाळी सेक्रेटरींच्या घरी गेले आणि खांब लावा म्हणून सांगून आले.

तुमची,
सुधा