पाऊल ठेवू नकोस, म्हणालो होतो

चि. सुजाता हिस सप्रेम जय भीम.

मी, मिलिंद दत्ताराम तांबे, बी. कॉम., वय सत्तावन्न, तुझा थोरला भाऊ, एक वाक्य मागे घेण्यासाठी लिहीत आहे.

काल नात मैत्रीला अलिबागला नेले. डॉक्टर स्वमग्नतेची लक्षणे विचारू लागले.

"नजरेला नजर देते?"

"नाही."

"मोठा आवाज सहन होतो?"

"बोटीचा भोंगा वाजला की कान झाकून खाली बसायची."

"विचारलेल्याचे सरळ उत्तर देते?"

"फारच सरळ. पाहुण्यांनी 'मुलगा आवडला का?' विचारले, तर 'नाही' म्हणाली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "आजोबा, पाच वर्षांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते?"

मी मैत्रीची नव्हे, तुझी लक्षणे सांगत होतो. तुला बघायला आलेले ते पाहुणे गेल्यावर मी तुला म्हणालो होतो, "पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस." तू त्याच दिवशी दिघीला मावशीकडे गेलीस. आई वारली तेव्हा दिवसभर उंबरठ्याबाहेर उभी राहिलीस. सव्वीस वर्षे मी त्याला गर्व म्हणत आलो. तू केवळ माझे ऐकत होतीस.

तोंडी दिलेला हुकूम तोंडीच मागे घ्यायला हवा. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या पहिल्या बोटीने येतो. तू 'आत ये' म्हणेपर्यंत बाहेर उभा राहीन.

तुझा दादा,
मिलिंद दत्ताराम तांबे
आगरदांडा, दि. ९ फेब्रुवारी २०२५