साक्षीपुरतं व्यसन

रविवार, २ मार्च
आज उपासनेत साडूने साक्ष दिली. सिगारेट सुटल्याची. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून दम भरला होता की पुन्हा ओढलीस तर माझ्याकडे येऊ नकोस, सरळ घरच्यांचा निरोप घे. मग याने बायबलमधली वचनं एका कार्डावर लिहून खिशात ठेवली. तलफ आली की पाकिटाऐवजी कार्ड काढायचं. सुटली! अख्खी मंडळी रडली. मेव्हणी रडली ते समजू शकतो, तिचा नवरा आहे. माझ्या बायकोने डोळे पुसायचं काय कारण? पाळकसाहेबांनी त्याला मिठी मारली. मला ते इतकी वर्षं फक्त खुर्च्या लावल्यात का एवढंच विचारतात.
मी अजिबात जळत नाही. नोंद असावी.

सोमवार, ३ मार्च
दुकानात कोटांना नंबर टाचता टाचता विचार केला. (ड्रायक्लीनिंगच्या काउंटरवर विचाराला भरपूर वाव असतो.) मी कधी सिगारेट ओढली नाही, दारू नाही, पत्ते नाहीत. मग साक्ष कशाची देणार? मी पडलोच नाही, हे ऐकून कोण रडतं? हा खड्ड्यात पडून वर आला तर मिठी, मी नीट रस्त्याने चाललो तर खुर्च्या.
पाळकसाहेबांना फोन करून तीस तारीख मागून घेतली. विषय: मोहावर विजय. कोणता मोह, असं त्यांनी विचारलं. त्या दिवशी कळेल म्हणालो.

मंगळवार, ४ मार्च
प्लॅन पक्का. आधी व्यसन लावायचं, मग वचनांच्या बळावर सोडायचं. सिगारेटच घ्यावी. साडूपेक्षा लवकर सुटली की लोक आपोआप तुलना करतील, मला बोलावं लागणार नाही.
योगायोगाने एका गिऱ्हाइकाच्या कोटात सिगारेटचं पाकीट सापडलं. नियमाप्रमाणे खिशातली वस्तू लिफाफ्यात घालून कोटाला टाचायची असते. लिफाफा टाचला. रिकामा. याला चोरी म्हणत नाहीत. देवाच्या कामासाठी आहे.

बुधवार, ५ मार्च
बॉयलरच्या मागे पहिली ओढली. ओकलो. इस्त्रीवाल्याने पाठ चोळली आणि या वयात कशाला, असं विचारलं. तलफ अजिबात नाही. साडूला हे इतकं सहज कसं जमलं कोण जाणे. काही लोकांना सगळंच आयतं मिळतं.

शनिवार, ८ मार्च
चिकाटी चालू आहे. बायबलमध्ये योसेफ मोह दिसताच अंगातलं वस्त्र सोडून पळाला. मीही पळेन. पण मोहाने आधी पाठलाग तर करायला हवा.

शुक्रवार, १४ मार्च
यश! सकाळी चहा घेताना हात आपोआप खिशाकडे गेला. चक्क तलफ. बायकोला आनंदाने सांगणार होतो, वेळेवर जीभ चावली. पाकीट आता विकत घेतो. उद्यापासून सोडायची.

मंगळवार, १८ मार्च
वचनाचं कार्ड केलं. साडूपेक्षा मोठं, लॅमिनेट करून. तलफ आली की वाचतो. वाचून होईपर्यंत एक ओढून होते. पाठांतर मात्र उत्तम झालंय.
मालकीणबाई म्हणाल्या की धुतलेल्या कपड्यांना धुराचा वास येतो. मी बॉयलरकडे बोट दाखवलं. उद्यापासून नक्की.

रविवार, २३ मार्च
साडू आणि मेव्हणी जेवायला. मेव्हणी सांगत होती की हे आता तीन जिने न थांबता चढतात. बायकोने माझ्याकडे बघितलं. मीही जिने चढतोच की, पण मला कुणी मोजत नाही.
जेवणानंतर साडूने मला गॅलरीत नेलं. माझ्या कोटाचा वास त्याने ओळखला होता. म्हणाला, दादा, लपवू नका, मी आहे ना. आणि खिशातलं त्याचं स्वतःचं कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. कोपरे झिजलेलं. मला, मला वाचवणार हा! अंगाचा तिळपापड झाला. पाकीट खिशात टोचत होतं म्हणून कठड्यावर ठेवलं, लायटरही ठेवला, आणि पाणी प्यायला आत गेलो. पाणी सावकाश प्यालो.
परत आलो तर साडू ओढत होता. डोळे मिटून. मला बघून त्याने सिगारेट पाठीमागे लपवली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, असू दे रे, होतं असं. इतक्या प्रेमाने मी त्याच्याशी आजवर कधी बोललो नव्हतो. खरं तर त्याचीच चूक. असलेलं एकुलतं एक कार्ड दुसऱ्याला देऊन टाकायचं का? माणसाने जरा विचार करावा.
झोप छान लागेल असं वाटतं.

रविवार, ३० मार्च
माझ्या साक्षीचा दिवस. माझ्या आधी साडू न बोलावता उठला. म्हणाला, मी गेल्या रविवारी पडलो, आणि आठवडाभर पडतोच आहे. कुठे पडला, पाकीट कुणाचं, एक अक्षर बोलला नाही. मेव्हणी रडली नाही. नुसती खाली बघत बसली. पाळकसाहेबांनी पुन्हा मिठी मारली, या खेपेला जास्त वेळ. सगळे त्याच्याकडे बघत होते. बायको माझ्याकडे.
मग माझं नाव पुकारलं. उठलो, घसा खाकरला, आणि जो खोकला सुरू झाला तो थांबेना. बायकोने पाणी दिलं नाही. मागच्या दाराने बाहेर पडलो आणि भिंतीच्या आडोशाला पेटवली.
साडू आला. आता मागणार, असं वाटलं. मागितली नाही. वारा माझ्याकडून येत होता म्हणून दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. आरडाओरडा करेल, गळा धरेल, याची वाट बघत होतो. तसं झालं असतं तर मलाही चिडता आलं असतं. तो म्हणाला, दादा, उद्यापासून दोघं मिळून सोडू. मी मान हलवली. मग म्हणाला, माझ्या आधी तुमची सुटू दे, अशी प्रार्थना केलीय.
हेच. हेच मला त्याचं सहन होत नाही.