बेडकोबाची भरपाई

ठाणे, ता. ७ मार्च १८८९
काल कपाळाला राख लागली, उपवासकाळ सुरू. संकल्प: यंदा कुमसार पहिल्याच आठवड्यात उरकायचं. वर्षातून एकदा पाद्रीपुढे पापं सांगायची; माझ्यासारख्याला पाच मिनिटं पुरेत. घाईचं कारण, माझ्या लेकीचं, रोझालीनचं बाळ. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणानंतरच्या रविवारी त्याचा बाप्तिस्मा, धर्मपिता मी, आजोबा. कुमसार नसेल तर वेगार, म्हणजे आमच्या देवळाचे मुख्य पाद्री, मला उभा करणार नाहीत, आणि मान जाईल शेजारच्या इनासला. तो देवळात गातो. म्हणजे तोंड उघडतो.

ता. १५ मार्च
पहिला आठवडा हुकला. कचेरी. आज गेलो. किरकोळ पापं सांगितली. शेवटी सहज म्हणालो, इनासला 'बेडकोबा' हे नाव मीच ठेवलं. जाळीपलीकडून तपकिरीची शिंक आली. मग वेगार म्हणाले, अरे दुमिंग, त्या नावापायी त्याच्या पोरीची सोयरीक अडली आहे. घरोघर जा, शब्द परत घे, मग ये. तोवर पापमुक्ती नाही.
म्हटलं, फादर, नाव चपखल आहे.
म्हणाले, म्हणूनच.

ता. २३ मार्च
घरोघर जायला मी काय भाजीवाला आहे? कचेरीत हाताखाली दोन कारकून आहेत माझ्या. उपाय सापडला. कल्याणला रेल्वेच्या लोकांसाठी छोटं देऊळ आहे. पाद्री गोरा, मराठी बेताची. उद्या जातो. नातालीनला सांगितलं, सरकारी काम. बायकोच ती, म्हणाली, रविवारी?

ता. २४ मार्च
कल्याण. गुडघे टेकले, सुरुवात केली. जाळीपलीकडून तपकिरीची शिंक. ओळखीची. गोरा पाद्री तापाने आजारी, बदली आमचेच वेगार.
म्हणाले, किती घरं झाली, दुमिंग?
परतताना एकाच डब्यात. समोरासमोर. ठाणं येईस्तोवर मी खिडकीबाहेरची खाडी फार बारकाईने पाहिली.

ता. ८ एप्रिल
दिवस उरले नाहीत. निघालो. भाषण तयार: इनासला कृपया बेडकोबा म्हणू नका. पहिल्याच घरी म्हातारीला नाव ठाऊकच नव्हतं. माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं, हसून हसून तिला ठसका लागला. अगं सुनबाई, ऐकलंस का! संध्याकाळपर्यंत नाव चेंदणीच्या कोळीवाड्यात पोचलं. तिथे मी गेलोही नव्हतो.
घरी आलो तर नातालीन दारात. म्हणाली, काय हो, आज किती माफ्या खपल्या?
तिची काळजी अशीच व्यक्त होते.

ता. १७ एप्रिल
शेवटचं घर इनासचं. म्हणाला, ये रे दुमिंग, पोरगी रोज विचारते, माफीवाला आपल्या दारी कधी येणार? विचारलं, माफीवाला कोण? पोरगी तोंडाला पदर लावून आत पळाली. रस्त्यावर पोरं ओरडत होती, माफीऽऽ, ताजी माफीऽऽ! मी वळून पाहिलं. फेरीवाला कुठे दिसेना.
मग दिसला.

ता. २० एप्रिल
पापमुक्ती मिळाली. वेगार खूश. इनासला आता कुणी बेडकोबा म्हणत नाही, गावाला नवीन नाव मिळालंय. त्याच्या पोरीची सोयरीकही जमली. म्हणाले, भरपाई पुरी झाली, मोकळा झालास.
मोकळा! देवळातून घरी मागच्या गल्लीने आलो.

ता. २८ एप्रिल
बाप्तिस्मा झाला. धर्मपिता मीच. डोक्यावर पाणी पडताच बाळाने टाहो फोडला. मागून आवाज: माफीवाल्याचा नातू हो, आत्तापासूनच माफी मागतोय! सगळं देऊळ हसलं. इनास गायला. बरा गायला, हे जास्त लागलं.
वेगारांना गाठलं. म्हटलं, माझं नाव ज्याने पाडलं त्यालाही घरोघर पाठवा. तपकीर ओढून म्हणाले, आता कुणालाच घरोघर पाठवणार नाही, एकदा पाठवून पाहिलं. नाव ठेवणाऱ्याला आता घरीच जपमाळ. 
ठीक. उद्यापासून मीच शोध घेणार. माणसं ओळखण्यात मी सहसा चुकत नाही.
नातालीन आठवडाभर जपमाळ घेऊन गुडघ्यांवर आहे. आज जेवणही थंड. विचारलं, एवढा जप कुणासाठी? म्हणाली, तुमच्यापायीच हो.
भाविक बाई. तिला यातलं काही कळू द्यायचं नाही.