भाऊजींच्या घरात जाणारी वायर

अहो,

मी ड्यूटीला निघाले. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.

आज इंटरनेटवाला नवा डबा बसवून गेला. आता सगळं वायरीशिवाय चालतं म्हणे. जुन्या वायरी त्याने उपसून नेल्या, पण कपाटामागून शेजारी भाऊजींच्या घरात जाते ती मी काढू दिली नाही. तुम्हा भावांचं बोलणं तुटलं तेव्हाच भाऊजींनी ती उपटली असेल, असं आपण धरून चाललो होतो. तो म्हणाला, "ताई, यातून नेट केव्हाच बंद आहे. पण ही डब्याला जोडली की त्यावरचा दिवा लागतोय, म्हणजे पलीकडे कुणीतरी ही अजून लावून ठेवलीय."

मला राहवेना. जाऊन बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता, तो बंद झाला. दार मात्र उघडलं नाही. धाकटी जाऊ वारल्यापासून त्या घरात दुसरा आवाज नाही हो. आपल्याकडे तरी कुठे आहे? मी कामावर, तुम्ही पेपरात डोकं घालून.

आज तुम्ही जा. तुम्ही थोरले आहात. दार लगेच नाही उघडलं, तर जरा उभे राहा. मी लगेच मागे फिरले, तेवढंच चुकलं.