पुसायचं काही नाही

दि. ४ नोव्हेंबर

चि. मास्तरीणबाईंस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. नव्या जागेत तुझं बस्तान बसलं का? पाणी वेळेवर येतं का, खिडकीत ऊन येतं का, शेजार कसा आहे, सगळं सविस्तर कळव. हिला आणि मला माउस धरायला तू शिकवलंस तेव्हापासून या घरात तू मास्तरीणबाई, तेव्हा शाळा सुटली असं समजू नकोस. एक काम अडलंय.

हिच्या कॉम्प्युटरची डिस्क गच्च भरली. भरतकामाचा नमुना काढून ठेवायला गेली की 'जागा नाही' म्हणून पाटी येते आणि सगळी मेहनत पाण्यात. ज्यांना ही नमुने करून देते त्या वर्कशॉपवाल्या बाईंचा तगादा चालूच. म्हणून दुसरी डिस्क आणली, तीही आतच बसवायची. दुकानदार म्हणाला, पेटी इथं घेऊन या, जोडून देतो. मी म्हटलं, जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, चार स्क्रूंसाठी पेटी कशाला वाहायची? ही म्हणाली, "लिफ्ट बंद पडली तर माणूस जिना चढतो. हे बंद पडलं तर मी काय करू?" तरी मी उघडलीच.

प्लग काढला, डिस्क खाचेत सरकवली, स्क्रू आवळले. विजेची वायर लागली. दुसरी ती चपटी लाल वायर जादा नव्हती. सीडी आता कोण लावतं, म्हणून सीडी ड्राइव्हची काढून नव्या डिस्कला जोडली. चालू केल्यावर डिस्कला बोट लावलं तर आत फिरतेय, बारीक थरथर लागते. पण पडद्यावर तिचा पत्ता नाही. जुनी दिसते, नवी नाही. बंद करून चालू केलं, वायर काढून फुंकर मारून लावली, उपयोग शून्य. दुकानदार फोनवर म्हणतो, डिस्क बरोबर आहे, तुमचंच काहीतरी चुकलं असणार. ही म्हणते, हे तर मी त्याच्या आधीच सांगत होते.

तुला फोनच करणार होतो, पण वायरींच्या गोष्टी फोनवर नीट सांगता येत नाहीत, म्हणून पत्र.

मागच्या महिन्यात ते कोर्टाचं काम पुरं झालं, तेव्हापासून आपलं बोलणं नाही. असो. चिरंजीव बरे आहेत. कामात असतात.

डिस्कचं तेवढं लवकर कळव. ही सारखी विचारते. म्हणजे डिस्कचंच.

तुझे,
बाबा

दि. ९ नोव्हेंबर

ती. बाबांस सा. न.

पाकिटावर तुमचं अक्षर दिसलं. कुणाला काही झालं की काय म्हणून जिन्यातच फाडलं. नुसती डिस्क दिसत नाहीये हे कळल्यावर तिथंच एकटी हसत उभी राहिले. वरून उतरणाऱ्या काकूंनी विचारलं, "चांगली बातमी का?" मी म्हटलं, हो.

जागा बरी आहे. खोली एकच, पण खिडकी मोठी. पाणी येतं. या काकू शेजारच्याच, स्वतःशीसुद्धा मोठ्यानं बोलतात, भिंतीतून सगळं ऐकू येतं. आधी वैताग यायचा, आता नाही आला आवाज तर चुकल्यासारखं होतं.

आता डिस्क. बाबा, माझा संशय तुमच्या हातावर नाही, त्या लाल वायरवर आहे. डिस्क फिरतेय म्हणजे वीज पोचतेय. निरोप पोचत नाहीये. सीडीची वायर जुनी, तिचं टोक ढिलं झालेलं असणार. नवी आणा, आणि मोठ्या बोर्डावर शेजारची दुसरी खाच बघून तिथं लावा, टक् आवाज येईपर्यंत. प्लग काढूनच, हे तुम्हाला सांगायला नको. मग मशीन चालू होताना, मी तुम्हाला एकदा दाखवली होती ती कळ दाबत राहा. निळा पडदा येईल, त्यात जोडलेल्या डिस्कांची नावं असतात. तिथं दोन दिसल्या की निम्मं काम झालं.

तरीही नेहमीच्या ठिकाणी नवी दिसणार नाही. घाबरू नका. कोरी डिस्क विंडोजला ओळख करून द्यावी लागते. 'डिस्क मॅनेजमेंट' असं लिहून शोधा. उघडताच एक चौकट विचारेल की नवी डिस्क तयार करू का. हो म्हणा. खाली पट्ट्या दिसतील. निळी पट्टी जुनीची, काळी नवीची. काळीवर माउसची उजवी कळ दाबून 'न्यू सिम्पल व्हॉल्यूम', आणि पुढे विचारेल त्याला होकार देत जा, डी किंवा ई असं एक अक्षर मिळेल तिला. निळीला मात्र बोट लावू नका. तिच्यावर फॉरमॅट केलं तर आहे ते सगळं जाईल. हे आईंना मोठ्यानं वाचून दाखवा.

मग हवं ते नवीवर कॉपी करा, प्रत उघडून बघा, आणि मगच जुनीवरून काढा.

एक विचारू? भरतकामाचा नमुना म्हणजे चिमूटभर फाइल. आईंनी जन्मभर काढले तरी डिस्कचा कोपरा भरायचा नाही. मग ती भरली कशानं?

आईंनी डिस्कशिवाय आणखी काही विचारलं का, हे लिहायचं नव्हतं, पण लिहून गेलं. खोडलं तर तुम्ही उजेडात धरून वाचाल, म्हणून राहू देते.

तुमची,
मास्तरीण

दि. १८ नोव्हेंबर

चि. मास्तरीणबाईंस,

अनेक आशीर्वाद. डिस्क दिसली!

दोष वायरचाच निघाला. निळ्या पडद्यावर दोन नावं आली तशी ही टाळ्या वाजवत आत कुणाला तरी हाक मारायला गेली आणि दारातून परत आली. घरात आम्ही दोघंच होतो.

मग त्या पट्ट्या. तुझं पत्र हिनं हातात धरलं, माउस माझ्याकडे. काळीवर गेलो, कळ दाबणार, तेवढ्यात हिनं माझं मनगट पकडलं. "थांबा! काळीच आहे ना ही? चष्मा लावा आधी." चष्मा लावला. काळीच होती. तरी हिनं पडद्यावर बोट ठेवून 'निळी वर, काळी खाली' असं म्हणून घेतलं आणि मगच मनगट सोडलं. नवी डिस्क नवं अक्षर घेऊन जुनीच्या शेजारी उभी राहिली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्यापुढे थाप टिकायची नाही हे मला कळायला हवं होतं. नमुन्यांनी काय भरायचंय? डिस्क भरली ती फोटोंनी आणि व्हिडिओंनी. लग्नापासूनचे. तू या घरात होतीस तेवढ्या सगळ्या वर्षांचे.

झालं असं. नवी डिस्क आणण्याआधी एका रविवारी चिरंजीव जेवायला आले असताना हिनं डिस्कचं रडगाणं सांगितलं. तो म्हणाला, "नवी कशाला आणता? ते जुने फोटो, व्हिडिओ पुसून टाक ना आई. जागाच जागा होईल." हिनं त्याच्या ताटात वाढता वाढता सांगितलं, "माझ्या घरात काय पुसायचं ते मी ठरवीन." आवाज चढवला नाही. तो खाली मान घालून जेवला. दुसऱ्या दिवशी हिनं मला दुकानात पाठवलं. त्याच्यावर राग धरू नकोस. त्याला ते बघवत नाही, एवढंच आहे. तुमचं तुम्ही दोघांनी काय ते ठरवलंत, त्यात आम्ही पडलो नाही आणि आताही पडत नाही.

तू सांगितलंस तशी प्रत उघडून बघायला बसलो. तिथंच घोळ झाला. एक उघडला की पुढचा. हिला तू माउस शिकवत होतीस तो व्हिडिओ आठवतो? बाण वर न्या म्हटल्यावर हिनं माउसच हवेत उचलला. मागे तू इतकी हसतेस की चित्र हलायला लागतं. ही पोट धरून हसली. "परत लावा." परत लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर मात्र पडद्याजवळ वाकून बघायला लागली. म्हणाली, "अहो, यात ती कुठंच नाही. नुसतं हसू ऐकू येतंय." मग आम्ही एकेक करून बघितले. खरंच गं. सगळं चित्रण तूच करायचीस, त्यामुळे आम्ही सगळे आहोत, चहा पिताना, भांडताना, डुलक्या काढताना, आणि तू फक्त आवाजात. "बाबा, इकडे बघा", "आई, तोंड वाकडं करू नका".

या रविवारी चिरंजीव आले. जुनीवरून काढायला हिचा हात धजत नव्हता, माझाही. त्यानं खुर्ची ओढून घेतली. मला वाटलं, आता हा सपासप पुसणार. पण तो एकेक फोल्डर उघडून दोन्हीकडे ताडून बघत बसला. चहा गार झाला. एका जागी थांबून म्हणाला, "सहलीतले दोन इकडे आलेले नाहीत. राहायला नकोत." ते दोन त्यानं परत घेतले, पुन्हा तपासले, आणि मगच जुनीवरचे काढले. जाताना हिच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

आता जुन्या डिस्कवर भरपूर जागा आहे. वर्कशॉपवाल्या बाईंचे नमुनेही गेले.

फोन न करण्याचं खरं कारणही वायरी नव्हत्या. हिनं दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत ठेवला. तिला विचारलं तर म्हणाली, "ये म्हणायचं आहे. पण आता ये म्हणायचा हक्क आपल्याला राहिला का?" तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळी मी तिला दाखवल्या. तिनं त्या वाचल्या आणि पदरानं चष्मा पुसत बसली. चष्मा स्वच्छच होता.

चिरंजीव रविवारीच येतात. इतर दिवशी आम्ही दोघंच असतो. दुपारी दार नुसतं लोटलेलं असतं.

सहीसाठी कागद हिच्यापुढे सरकवला तर पेन धरून बसून राहिली. "काय लिहू? माजी सासू?" मी म्हटलं, माजी अध्यक्ष असतात, माजी खेळाडू असतात, यात माजी काही नसतं. मग तिनं लिहिलं ते खाली आहे.

तुझे बाबा

आणि आई. ये गं.