आईंनी काढलेले कांदे

मोशी, गुरुवार

ती. स्वरूपाआक्कांना,

अपेक्षाचा वाकून नमस्कार. गुडघ्याला तेल लावणं चालू आहे ना? नसेल तर आता वाचता वाचता लावा, पत्र लांब आहे. आम्ही सगळे खुशाल (हे लिहावंच लागतं म्हणून लिहिलं, पुढं कळेलच). फोन सोडून पत्र का, असं दाजींना वाटेल. पण तुमचं नाव मोबाईलवर दिसलं की आई "मोठ्यानं लाव" म्हणतात, आणि सासूबाईंची तक्रार सासूबाईंच्या समोर स्पीकरवर कशी करायची? म्हणून हे पाकीट उद्या इकडे कामाला येणाऱ्या तुमच्या शेजारच्या रोहिदासकडून दाजींच्या हाती पोचेल.

आमच्या रो-हाऊसपुढची चार फुटांची पट्टी तुम्हाला माहीत आहे. बिल्डरनं तिथं माती म्हणून विटांचे तुकडे पुरले होते. मी दोन पावसाळे शेणखत घालून ती जिवंत केली. शाळा, वह्या, स्वयंपाक यातून मला वाकायला वेळ नाही, तेव्हा बागही न वाकता करायची असा माझा बेत होता. एकदा लावलं की वर्षानुवर्षं आपलं आपण येईल असं काहीतरी हवं होतं. नर्सरीवाला म्हणाला, मॅडम, मागे फुटबॉल लिली लावा, पुढे जमिनीवर पसरणारी पिवळ्या फुलांची वेल, सहा महिन्यांत गालिचा. आणि खरंच झाला हो गालिचा! शाळेतून आले की मी चहाआधी त्याच्यासमोर उभी राहायची. दिवसभरात माझ्याकडून काही न मागणारी तेवढी एकच गोष्ट होती.

मग दिवाळीनंतर आई मोतीबिंदूसाठी कुरुळीहून आल्या. डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही सांगितलं, म्हणून त्या पायरीवर काळा चष्मा लावून बसत आणि गालिच्याची चौकशी करत.

"ह्याला येतं काय?"

"काही नाही आई, जमीन झाकते."

"जमीन झाकाया? मंग सतरंजी हातर की!" (हे रोज. न चुकता. शेजारच्या चित्राताईंना तर त्यांनी बोलावून विचारलं, तुमी बी झाकता का?)

महिना संपला आणि डॉक्टर म्हणाले, आजी, आता स्वच्छ दिसेल, वाकायलाही हरकत नाही. त्या स्वच्छ डोळ्यांना पहिलं काय दिसलं असेल, तर तण. मी शाळेतून आले तेव्हा पट्टी नांगरल्यासारखी काळीभोर होती. गालिचा फाटकाबाहेर ढिगानं पडला होता. मधे फक्त घोळीची चार रोपं राखली होती, संध्याकाळच्या भाजीला. मला रडू की हसू कळेना. त्या मात्र खुरपं धुत म्हणाल्या, "दानं न्हाई, भाजी न्हाई, शेरडू बी तोंड लावत न्हाई. तनाला आनखी शिंगं असत्यात व्हय?"

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसले असते. पण फुटबॉल लिली थंडीत झोपते, आक्का. पानं पिवळी पडून लोळतात, गड्डा मातीत जिवंत राहतो, मे महिन्यात पुन्हा उठतो. आता चाकणच्या बाजारात ज्यांचा कांदा चाळीस वर्षं गेला, त्यांना लोळलेली पात आणि खाली गड्डा दिसल्यावर दुसरं काय वाटणार? पातीनं मान टाकली म्हणजे कांदा काढणीला आला! त्यांनी सगळे गड्डे उपटले, पात कापताना बोटभर मान ठेवली (अगदी रीतसर) आणि गॅलरीत सावलीला सुकत घातले. त्यांतला एक तुमच्या भावाच्या ताटाशी भाकरीशेजारी ठेवला. शिफ्टवरून भुकेजून आलेला माणूस, त्यानं बुक्की मारून फोडला.

"आई, ह्याला वासच न्हाई!"

"कंपन्यांच्या धुरात वाढल्याला कांदा, वास कुटनं यायचा? खा गप."

मी तुमच्या भावाच्या हातातून तो हिसकावला, कारण लिलीचा गड्डा विषारी असतो. आणि त्या भीतीत, त्या गालिच्याच्या रागात, मी ओरडले, की आई, यापुढं माझ्या बागेला हात लावायचा नाही.

"न्हाई लावत बाई," म्हणाल्या.

आज पाच दिवस झाले. त्या पायरीवर बसतात. हात मांडीवर, उताणे. एकवीस वर्षांत मी ते हात रिकामे बघितले नव्हते. वर्गात फळ्यावर लिहिताना मला तेच दिसतात, रात्री दोनदा उठून मी गॅलरीतले गड्डे नुसते मोजून येते. काल त्यांनी पिशवी भरली. म्हणतात, हितं मला काम न्हाई, रविवारी कुरुळीला सोडा. कुरुळीला तरी काय आहे? शेतावर गोदाम उभं आहे, खोल्यांत कंपनीतली भाडेकरू मुलं, शिफ्टप्रमाणे झोपणारी; बोलायला कुणी नाही. पण तुमचा भाऊ "बरं" म्हणून मोकळा झाला. तेव्हा विनंती अशी, की रविवारी तुम्ही येऊन त्यांना पंधरा दिवस तुमच्याकडे देहूरोडला न्यावं. जरा हवापालट होईल.

दाजींना नमस्कार.

तुमची,
अपेक्षा

ता. क. हवापालट वगैरे काही नाही. त्या गेल्या तर परत यायच्या नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. याच, पण न्यायला नको. येताना गरव्या (उन्हाळ्यात निघणाऱ्या) कांद्याच्या रोपाच्या दोन जुड्या आणा आणि म्हणा, कुणीतरी दिलं, आमच्या तिसऱ्या मजल्यावर कुठं लावू? मी आणलं तर त्यांना माझी माफी दिसेल. माफीला त्या पाणी घालणार नाहीत.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायला बाहेर आले तर आई पायरीवर नाहीत! फाटकाशी उकिडव्या बसून लिलीचे गड्डे परत लावत होत्या. वीतवीत अंतर, दोरीत आखल्यासारखी ओळ. मला बघून म्हणाल्या, "हात न्हाई लावला तुज्या बागंला. खुरप्यानंच लावलं." मी झारी आणून दिली. मग त्यांनी विचारलं, ह्याला फूल कधी यील? म्हटलं, मे महिन्यात. तर माझ्यावरच डाफरल्या, "मे? म्हंजी मला तवर हितंच बसवतीस व्हय!"

तेव्हा दोन नको, चार जुड्या आणा. गालिच्याची जागा सगळी मोकळी आहे.